२०० मिनिटांचा हिशेब: पोर्टलमध्ये नाव द्यावे की नाही?

ओहायोत राहणाऱ्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा वीस वर्षांचा आहे, उंची ६ फूट ५ इंच, एका मध्यम कॉन्फरन्समधील (म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातील) विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या, बाहेरून खेळणाऱ्या जागेवर, त्याने नुकतेच दुसरे वर्ष संपवले. या हंगामात तो सामन्यामागे सरासरी ३१ मिनिटे खेळला आणि १३ गुण मिळवत राहिला. आता एका एजंटमार्फत निरोप आला आहे की त्याने ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीत, नाव दिले, तर एका मोठ्या कॉन्फरन्समधील संघ त्याला वर्षाला दीड लाख डॉलर देईल. घरात दोन तट पडले आहेत. आईला वाटते की ज्या प्रशिक्षकाने मुलाला घडवले त्याला सोडून जाऊ नये, आणि मामांना वाटते की अशी संधी पुन्हा दार ठोठावणार नाही. मुलगा कॉम्प्युटर सायन्स शिकतो. जाता जाता त्यांनी हेही लिहिले आहे की कुटुंब एच-१बी व्हिसावर ग्रीन कार्डच्या रांगेत आहे आणि मुलगा एच-४ वर, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आहे.

मी अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात गेली १९ वर्षे विद्यार्थी-खेळाडूंची शैक्षणिक सल्लागार म्हणून काम करते. आमच्याकडून गेलेल्या आणि आमच्याकडे आलेल्या मुलांच्या गुणपत्रिका माझ्या टेबलावरून जातात, आणि प्रशिक्षकांच्या बैठकांनाही मी बसते. मी वकील नाही, त्यामुळे व्हिसा आणि कराराबद्दल जे लिहीन ते वकिलाकडे कोणते प्रश्न घेऊन जावे एवढ्यापुरतेच समजावे. ‘जावे की राहावे’ याचे उत्तर मुलाला न पाहता मी देऊ शकत नाही. ते कोणत्या गोष्टींवर ठरावे आणि कोणत्या क्रमाने, हे मात्र सांगू शकते.

आपण जाता जाता लिहिलेले शेवटचे वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत आधी यायला हवे होते. एच-४ वरील मुलाला शिकता येते, शिष्यवृत्ती घेता येते, पण काम करून पैसे मिळवता येत नाहीत. काही एच-४ धारकांना मिळणारा कामाचा परवाना जोडीदारांसाठी आहे, मुलांसाठी नाही. शिवाय मुलगा २१ वर्षांचा होताच एच-४ संपेल आणि त्याला बहुधा विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे एफ-१ वर जावे लागेल. एफ-१ वरही सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, आणि कॅम्पसबाहेरच्या कामाला वेगळी परवानगी लागते. विद्यापीठाकडून मिळणारा महसुलाचा वाटा किंवा जाहिरातीचे पैसे यांना ‘काम’ म्हणायचे की नाही, याबद्दल वकिलांमध्ये एकमत नाही. म्हणून अनेक विद्यापीठे परदेशी खेळाडूंच्या बाबतीत हात आखडता घेतात. परड्यू विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू झॅक इडी २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला, पण तो कॅनडाचा असल्यामुळे आपल्या अमेरिकी सहकाऱ्यांसारखी जाहिरातींची कामे त्याला मोकळेपणाने करता येत नव्हती. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शिब्वे मूळचा काँगोचा. २०२२ च्या उन्हाळ्यात संघ बहामाजला गेला, तेव्हा अमेरिकेच्या भूमीबाहेर असताना त्याने अशी कामे उरकून घेतली. इतक्या मोठ्या नावांना ज्या वाटा काढाव्या लागल्या, त्या आपल्या मुलालाही काढाव्या लागतील. चुकीच्या पद्धतीने घेतलेला एक धनादेश पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात आडवा येऊ शकतो, आणि तो धोका दीड लाख डॉलरपेक्षा मोठा आहे. त्यामुळे आधी इमिग्रेशनचा वकील, तोही एजंटने सुचवलेला नव्हे, तर आपण स्वतः शोधलेला. त्याने ‘पैसे घेता येणार नाहीत’ असे सांगितले, तर घरातील अर्धा वाद तिथेच मिटेल आणि निर्णय निव्वळ खेळ आणि शिक्षण यांवर घेता येईल.

वाट निघेल असे गृहीत धरून आता त्या दीड लाखाकडे पाहू. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना त्यांचे नाव, प्रतिमा आणि ओळख यांच्या व्यापारी वापराचा मोबदला, ज्याला सगळे एनआयएल म्हणतात, घेण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली आणि विद्यापीठांना स्वतःच्या महसुलातून थेट खेळाडूंना पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा एका विद्यापीठामागे सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. ही मर्यादा आहे, हमी नव्हे. अनेक मोठी विद्यापीठे यातील साधारण १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला देतात असे मानले जाते, म्हणजे सुमारे ३१ लाख डॉलर. नव्या नियमानुसार संघात जास्तीत जास्त १५ खेळाडू असतात, तेव्हा सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास येते. पण सरासरीने कोणालाच पैसे मिळत नाहीत. पहिले चार-पाच खेळाडू मोठा हिस्सा नेतात आणि उरलेल्यांच्या वाट्याला उरलेले येते. काही संघ बाहेरच्या करारांची जोड देऊन आकडा आणखी फुगवतात, आणि ज्यांना फुटबॉलवर खर्च करावा लागत नाही ते बास्केटबॉलला अधिक देऊ शकतात. तरीही मोठ्या कॉन्फरन्समधील संघ एखाद्या गार्डला दीड लाख देऊ करतो, तेव्हा तो त्याला बहुधा पहिल्या पाचात धरत नसतो. हा अंदाज चुकू शकतो, पण माझ्या अनुभवात तो फारसा चुकलेला नाही.

रक्कम कुठून येणार, हेही विचारा. विद्यापीठाच्या करारातून येणारे पैसे एक, आणि बाहेरच्या कंपनीकडून येणार असे सांगितलेले पैसे वेगळे. बाहेरचा ६०० डॉलरपेक्षा मोठा प्रत्येक करार आता तपासणीसाठी नोंदवावा लागतो. त्यात खरा व्यापारी हेतू दिसला नाही किंवा रक्कम अवाजवी वाटली, तर तो नामंजूर होऊ शकतो. एजंटच्या दीड लाखांत एक लाख अशा ‘होणाऱ्या’ करारांचे असतील, तर ती बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात आहे. मिळालेल्या पैशांवर करही भरावा लागतो. खेळाडूला सहसा स्वतंत्र व्यावसायिक मानले जाते, म्हणून नेहमीच्या प्राप्तिकराशिवाय १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार करही लागू होतो, आणि तो तिमाही हप्त्यांत आधीच भरायचा असतो. एप्रिलमध्ये कराची वेळ येईपर्यंत पैसे गाडीवर खर्च करून बसलेली मुले मी पाहिली आहेत. एजंटचे कमिशन त्याहून वेगळे. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये, खेळाडूंची संघटना कमिशनवर मर्यादा घालते, तसा एकसारखा अंकुश महाविद्यालयीन पातळीवर नाही. करारात तीन गोष्टी शोधा: दुखापत झाली तर पैसे चालू राहतात का, प्रशिक्षक बदलला तर काय होते, आणि मुलगा पुढच्या वर्षी निघून गेला तर त्याला काही परत करावे लागते का.

आता मुलाच्या भवितव्याच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येते. महाविद्यालयीन पुरुषांचा सामना ४० मिनिटांचा असतो आणि मैदानावर एका वेळी पाच खेळाडू असतात. म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटण्यासाठी दर सामन्यात २०० मिनिटे असतात, एकही जास्त नाही. संघ १५ जणांचा असला तरी ही मिनिटे साधारण आठ-नऊ जणांतच वाटली जातात. आज आपल्या मुलाकडे त्यांतील ३१ आहेत. नव्या ठिकाणी किती असतील, हे कोणताही प्रशिक्षक लेखी देणार नाही आणि ते मागूही नये. पण बराचसा अंदाज घरी बसून बांधता येतो. त्या संघाची गेल्या हंगामाची आकडेवारी सर्वांसाठी खुली असते. बास्केटपासून लांब, बाहेरून खेळणाऱ्या तीन जागांची मिळून १२० मिनिटे धरा. परत येणारे दोन गार्ड तीस-तीस मिनिटे खेळत असतील, तर ६० गेली. शाळेतून मोठ्या कौतुकात येणारा एखादा नवा मुलगा असेल, तर त्याला निदान २५ दिली जातील. उरली ३५, आणि त्यांवर आपल्या मुलाबरोबर आणखी दोघा-तिघांचा डोळा असेल. त्यातच वसंतात प्रशिक्षक पोर्टलमधून आणखी कोणाला आणेल हे आज कोणालाच माहीत नसते. २०२५ मध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलमधील दोन हजारांहून अधिक खेळाडूंनी पोर्टलमध्ये नावे दिली. याचा अर्थ असा की आपल्या मुलाच्या जागेसाठी दुसरा कोणी आणणे त्या प्रशिक्षकाला कधीच अवघड नसते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक गार्ड होता, सामन्याला १४ गुण मिळवणारा. तो मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेला. तिथे त्याला १२ मिनिटे मिळू लागली, तीही कोपऱ्यात उभे राहून पासची वाट पाहण्याची. आमच्याकडे चेंडू त्याच्या हातात असे, बचाव पाहून निर्णय तो घेई, आणि त्याचा खेळ त्याच सवयीवर उभा होता. कोपऱ्यातून तीन गुणांचे फटके मारणे हे वेगळे काम आहे, आणि ते त्याला पुरेसे जमत नव्हते. वर्षाअखेरीस तो पुन्हा पोर्टलमध्ये आला तेव्हा त्याच्या नावासमोरची आकडेवारी पहिल्यापेक्षा वाईट होती आणि बोली करणारे संघही लहान होते. म्हणून मिनिटांबरोबर भूमिकाही विचारा. आपल्या मुलाचे १३ गुण कसे आले? तीन गुणांच्या फटक्यांची टक्केवारी चांगली आहे का? फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके, कसे आहेत? प्रशिक्षक मंडळी फ्री थ्रोकडे बारकाईने पाहतात, कारण तिथे समोर बचावपटू नसतो आणि मुलाच्या हाताची खरी पारख होते. वर्षातून तीन-चारदा मोठ्या संघांशी सामने झाले असतील, ते पुन्हा पाहा. त्या रात्री चेंडू किती वेळा हातून गेला आणि समोरच्या वेगवान गार्डला त्याने किती वेळा रोखले, हे हंगामाच्या सरासरीपेक्षा जास्त बोलके असते.

याचा अर्थ जाऊच नये असा मुळीच नाही. डाल्टन क्नेक्ट एका कनिष्ठ महाविद्यालयातून नॉर्दर्न कोलोरॅडोत आणि तिथून टेनेसीत गेला, एका हंगामात देशाचे लक्ष वेधून घेतले आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, १७ व्या क्रमांकावर निवडला गेला. वॉल्टर क्लेटन ज्युनिअर आयोनाहून फ्लोरिडात गेला, २०२५ मध्ये फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवून विजेतेपद मिळवले तेव्हा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, आणि पुढे पहिल्याच फेरीत त्याची निवड झाली. पण दोघांनाही नव्या ठिकाणी भरपूर मिनिटे आणि हातात चेंडू मिळाला होता. उलट डेमियन लिलार्ड वेबर स्टेटसारख्या लहान विद्यापीठात राहूनच सहाव्या क्रमांकावर गेला, आणि जा मोरंट मरे स्टेटमधून दुसऱ्या. चांगला खेळाडू लहान ठिकाणीही शोधला जातो. मोठ्या नावाचा शर्ट घातल्याने एनबीए जवळ येत नाही, हे शिब्वेच्याच उदाहरणावरून दिसते. तो वेस्ट व्हर्जिनियाहून केंटकीला गेला, २०२२ मध्ये देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव पुकारले गेले नाही. ड्राफ्टमध्ये जेमतेम ६० नावे असतात आणि त्यांत परदेशांतून थेट येणारेही असतात. महाविद्यालयीन खेळाच्या सर्वोच्च पातळीवर, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, ३६० हून अधिक संघ आहेत. आपल्या मुलासाठी व्यावसायिक खेळाची वाट असेल, तर ती बहुधा युरोपातील लीगमधून जाईल. तिथे निवड करणारे चार वर्षांचे सलग, भरीव खेळाचे चित्रीकरण पाहतात, बाकावर बसून काढलेला हंगाम पाहत नाहीत.

शिक्षणाबद्दल घरच्या चर्चेत कोणी बोलल्याचे आपल्या प्रश्नात दिसले नाही, आणि माझे सारे आयुष्य त्यातच गेल्यामुळे मला ते खटकले. तिसऱ्या वर्षात खेळण्यास पात्र राहायचे, तर पदवीच्या ४० टक्के क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर जमा होणारी अभ्यासाची एकके) पूर्ण असावी लागतात, चौथ्या वर्षासाठी ६० टक्के आणि पाचव्यासाठी ८० टक्के. हे टक्के नव्या विद्यापीठातील पदवीचे मोजले जातात, जुन्या नव्हे. पदवी १२० क्रेडिटची असेल, तर आपल्या मुलाला येत्या शरद सत्राआधी त्यांची किमान ४८ दाखवावी लागतील. नवे विद्यापीठ क्रेडिट ‘स्वीकारते’ म्हणजे ते पदवीत ‘धरते’ असे नाही. आलेली अर्धी क्रेडिट नुसती ऐच्छिक म्हणून पडून राहू शकतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये हा धोका जास्त आहे, कारण गणिताचे आणि प्रोग्रॅमिंगचे विषय एका साखळीत असतात आणि प्रत्येक विद्यापीठाची साखळी निराळी असते. आमच्याकडे एक मुलगा ५८ क्रेडिट घेऊन आला होता आणि त्याच्या मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, त्यांतील ४१ च बसली. उरलेली ७ त्याने उन्हाळ्यात घाम गाळून मिळवली, म्हणून तो खेळू शकला. ज्यांना ते शक्य होत नाही, त्यांना कोणीतरी हलकेच सुचवते की मेजर बदल, या दुसऱ्या विषयात तुझी सगळी क्रेडिट बसतात. मुलगा खेळत राहतो, आणि ज्या विषयासाठी तो महाविद्यालयात आला होता तो मात्र सुटतो. ही तडजोड करणारी इतकी मुले मी पाहिली आहेत की ती टाळण्यासाठी वाटेल तेवढे लांबलचक उत्तर लिहायला मी तयार आहे.

अनेक विद्यापीठे इतर संस्थांमधील कोणता विषय आपल्याकडे कशाच्या बरोबरीचा धरला जातो, याची सूची संकेतस्थळावर ठेवतात. एक संध्याकाळ काढून मुलाची गुणपत्रिका आणि ती सूची शेजारी ठेवून बसा. नाव पोर्टलमध्ये गेल्यानंतर, सही करण्यापूर्वी, पदवीत धरल्या जाणाऱ्या क्रेडिटचे लेखी मूल्यमापन मागा. ज्या संघाला मुलगा खरोखर हवा असतो, तो हा कागद दोन-तीन दिवसांत आणून देतो.

आता आईंच्या मताविषयी. त्यांची भावना मी समजू शकते, पण निष्ठेच्या नावाखाली मुलाला अपराधी वाटायला लावू नका. अनेक दशके प्रशिक्षक अधिक पगारासाठी रातोरात संघ बदलत राहिले आणि त्याच वेळी बदली करणाऱ्या मुलांना एक पूर्ण वर्ष बाहेर बसावे लागत असे. २०२१ मध्ये ती अट पहिल्या बदलीपुरती गेली आणि २०२४ मध्ये, अभ्यासात पात्र असलेल्यांसाठी, जवळजवळ पूर्णपणे. राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क वर्षाला १०० कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले जातात. तो खेळ खेळणाऱ्यांना त्यातील काही मिळावे, हे मला न्याय्यच वाटते. आणि प्रशिक्षक कायम राहील हे गृहीत धरूच नका. व्हर्जिनियाला २०१९ चे विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना निवृत्त झाले. त्यांच्या भरवशावर तिथे आलेली मुले त्या दिवशी दुसऱ्याच माणसाच्या संघात होती. हे आपल्या सध्याच्या प्रशिक्षकाबद्दल खरे आहे आणि नव्याबद्दलही.

मामांसाठी एकच गोष्ट. पोर्टलमध्ये नाव देणे म्हणजे नुसती चाचपणी नव्हे. नाव गेले की सध्याचे विद्यापीठ पुढच्या सत्रापासून शिष्यवृत्ती काढून घेऊ शकते आणि परत घेण्यास बांधील राहत नाही. मुदतही आता फार थोडी असते. एके काळी ६० दिवस असत, २०२५ मध्ये ती ३० दिवसांवर आली आणि त्यानंतर आणखी आखडली. आणि नाव देण्याआधी दुसऱ्या संघाने संपर्क साधणे नियमाबाहेर आहे, म्हणूनच तो निरोप एजंटमार्फत आला. त्या एजंटला मुलाने स्वतः काहीही लिहून पाठवू नये.

माझ्या मते क्रम असा ठेवावा: या आठवड्यात वकील, मग मिनिटांचा आणि क्रेडिटचा हिशेब, आणि त्यानंतर सध्याच्या मुख्य प्रशिक्षकाशी भेट. ही भेट नियमांचे पालन पाहणाऱ्या कार्यालयात अर्ज देण्यापूर्वी व्हावी, कारण लेखी मागणी केल्यावर विद्यापीठाला दोन कामकाजाच्या दिवसांत नाव नोंदवावे लागते आणि मग बोलायला वेळ उरत नाही. मुलाने एकट्याने जावे आणि दोन प्रश्न विचारावेत: पुढच्या वर्षी माझे काम काय असेल, आणि विद्यापीठ महसुलातून खेळाडूंना काही देणार असेल तर त्यात मी कुठे आहे. आपण पार्किंगमध्ये थांबा. वीस वर्षांचा मुलगा हे प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारतो, तेव्हा बहुतेक प्रशिक्षक खरे उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.